आश्रित चूल

राजपुरा, बऱ्हाणपूर
बुधवार

सौ. गोदावहिनींना राजपुऱ्याच्या रंभाबाईचा नमस्कार. मधुकरभाऊंनाही सांगा, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवा. तुमचा गुडघा कसा आहे? मागे आले होते तेव्हा तुम्ही जिना चढताना देवाचं नाव घेत होतात आणि उतरताना जिना बांधणाऱ्याचं. भाऊंचा खोकला, म्हशीचं दूध, दाराशी लावलेला लिंबू, सगळ्याची खुशाली कळवा. मालूची खुशाली मी विचारत नाही. ती माहेरी, तुमच्याच घरी आहे आणि तिला काही झालेलं नाही. रविवारी ती ट्रंक घेऊन उतरली तेव्हा तांब्या तोंडाला लावायच्या आधी काय बोलली असेल, ते मला इथं रावेरपासून इतक्या लांब बसून ऐकू येतं. जावेने घराबाहेर काढलं, असंच ना? तर आता जावेचंही ऐका. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, तेही मास्तर हजर असतील त्या दिवसांचं, तेव्हा अक्षराला हसू नका. काना-मात्रा जिथं कमी पडेल तिथं स्वतःची घाला.

आधी मुद्दा सांगते, मग वळणं घेते. आमची नदीकाठची खालची आळी उठणार आहे. गेल्या श्रावणात तापीचं पाणी आमच्या ओट्याला लागलं होतं, तुम्हाला माहीत आहे (तुम्ही पोस्टकार्ड टाकलं होतं, काळजी घ्या म्हणून. ते आम्ही वाळवून वाचलं). तर सरकारने ठरवलं की आळी बहादरपूरच्या रस्त्याला उंचावर न्यायची आणि घर बांधायला जागा द्यायची. जागा माणसामागे नाही, घरामागे नाही. चुलीमागे. एका चुलीला एक जागा. आमच्याकडे दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि सात लेकरं, म्हणजे अकरा माणसं. एकच चूल लिहिली गेली तर ही अकरा माणसं एका जागेत, दोन खोल्यांत, एकमेकांच्या पायाशी डोकी करून. दोन लिहिल्या गेल्या तर दोन जागा, लेकरांची लग्नं होईपर्यंत निभेल. येत्या सोमवारी अधिकारी येऊन चुली तपासणार. चूल पेटलेली पाहिजे आणि तिच्यापाशी तिची बाई पाहिजे. चूल आहे. लाकडं आहेत. बाई तुमच्याकडे आहे.

आता हे कसं झालं ते सांगते. मागच्या महिन्यात युनिव्हर्सिटी आली. (युनिव्हर्सिटी म्हणजे एक जीप, एक प्रोफेसर, एक बाई आणि चित्रं दाखवायची एक पेटी.) माणसं हलवायच्या आधी ती कशी होती हे लिहून ठेवायचं म्हणे, म्हणजे हलवल्यावर कशी झाली ते ताडून बघता येतं. प्रोफेसर यादव म्हणून, हिंदी बोलणारे, अंगात कोट, बोलताना डोळे मिटायची सवय. बाई सुनंदा, नागपूरची, मराठीच, लग्न व्हायचं असलेली, हातातली वही न सुटणारी. नागपूर आता आपल्या राज्यात राहिलं नाही हे तिने मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बाई, आमचे अर्ज आधी नागपूरला जाऊन मराठीत हरवायचे, आता भोपाळला जाऊन हिंदीत हरवतात, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. तिने तेसुद्धा वहीत लिहून घेतलं. मी शिंकले असते तर तेही घेतलं असतं.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात तीन दिवस तीन व्याख्यानं ठेवली होती. पहिलं हवापाण्यावर. माणसाच्या भोवती जे जे असतं त्याचा माणसावर परिणाम होतो, ही एवढी गोष्ट सांगायला प्रोफेसरांना दीड तास लागला, डोळे मिटून. शेवटी म्हणाले, किसी को कुछ पूछना है? कुणी विचारेना. त्यांचं तोंड उतरलेलं बघवेना म्हणून मी उठले आणि म्हटलं, साहेब, माझ्याभोवती दहा माणसं आणि एक चूल असते, परिणाम इथंच बोलून दाखवू की घरी येता? पुरुषांच्या बाजूने आमच्या ह्यांचा खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखते, तो छातीतून येत नाही. मी खाली बसले.

दुसरं व्याख्यान तब्येतीचं. त्यात पांढऱ्या कापडावर माणसाच्या छातीतली फुप्फुसं दाखवली, काळी ठिक्कर. चुलीचा धूर बाईच्या छातीत कसा बसतो, डोळ्यांना काय करतो, पोटातल्या लेकराला काय करतो, सगळं सांगितलं. आमच्या शेजारच्या देवरामने विचारलं, ही कुणाची? प्रोफेसर म्हणाले, किसी की भी हो सकती हैं, आपकी भी. देवराम दोन दिवस जेवला नाही. त्याला वाटलं त्याची कधी काढून घेतली ते कळलंच नाही. मी खोटं बोलणार नाही वहिनी, त्या चित्राने मलाही धाक बसला. घरी येऊन फुंकणी हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. थोड्या वेळाने प्रोफेसर आमच्याच दारावरून जाताना थांबले, आत वाकून माझ्या चुलीतला निखारा मागून घेतला आणि त्यावर सिगारेट पेटवून गेले. मग मी फुंकणी परत उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाई घरोघर चुली मोजायला निघाली. आता तुम्हीच सांगा, काल ज्या वस्तूला एवढी नावं ठेवली तीच आज मोजायला आले, तर माणूस काय समजेल? आमच्याकडे मलेरियावाले येतात ते डास मोजत मोजत पाण्याचे रांजण पालथे करून जातात. आळीने ठरवलं, आता चुली फोडणार. ज्याच्या घरात तीन सुना तीन चुलींवर रांधतात त्यानेही दोन लपवल्या. कुणी चुलीवर टोपलं पालथं घालून वर खुडूक कोंबडी बसवली. कुणी चुलीवर गोधडी टाकून म्हातारीला बसवलं आणि म्हातारी खालून ऊब येते म्हणून उठेना. सुनंदाबाईच्या वहीत सगळ्या आळीच्या मिळून एकतीस चुली आल्या. मला काही लपवायचं नव्हतं, आमची एकच. मी ओट्यावर उभी राहून, चार बाया ऐकतील अशा आवाजात सांगितलं, लिहा बाई, रंभाबाईच्या घरात वीस वर्षं एकच चूल आहे, जावाजावांत वेगळं निघणं आमच्याकडे नाही, अकरा माणसं एका जाळावर जेवतात. फार शोभून दिसले मी. आता ते आठवलं की चुलीत डोकं घालावंसं वाटतं.

सुनंदाबाई आत आली तेव्हा मालू वैलावर डाळ शिजवत बसली होती. सुनंदाबाईला वैल माहीत नाही. शिकलेली माणसं. मी समजावलं, चुलीच्या कडेला हे दुसरं भोक ठेवतात, चुलीचा जाळ तव्याखालून जाऊन उरला की इथं येतो, त्यावर डाळ, भाजी, दूध असं काय काय होतं. चुलीवर मी भाकरी करते, वैलावर ही डाळ करते, वीस वर्षं झाली. सुनंदाबाईने वैलाचं चित्र काढलं, वीतभर मोजून घेतलं, मग बाहेर जाऊन प्रोफेसरांना विचारलं, याला वेगळी चूल धरायची का? प्रोफेसर दारातूनच म्हणाले, नहीं, इसकी अपनी आग नहीं है, लिखिए आश्रित चूल्हा. मला हसू आलं. मी हसले. मालू डाळ घोटत होती, ती घोटतच राहिली. डाळ केव्हाच घोटून झाली होती, हे मला नंतर आठवलं.

तिसरं व्याख्यान विस्थापनाचं. विस्थापित म्हणजे फाळणीत तिकडून आलेली सिंधी माणसं, हे आम्हाला ठाऊक होतं, तेव्हा आम्ही समजलो की त्यांच्याबद्दल सांगणार, आणि निम्मी आळी आलीच नाही. (मी गेले. पेटीतली चित्रं चुकवायची नव्हती.) प्रोफेसरांनी डोळे मिटून सांगायला घेतलं की आप विस्थापित होनेवाले हैं, और हर चूल्हे को एक प्लॉट मिलेगा. एकतीस चुली, एकतीस प्लॉट. वहिनी, त्या मंडपात आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. ज्या घराने दोन चुलींवर कोंबड्या बसवल्या होत्या त्या घरची थोरली तिथंच धाकटीला म्हणाली, तूच म्हणाली होतीस लपवू. धाकटी म्हणाली, मी एक म्हटलं होतं, दुसरी तुम्ही. प्रोफेसरांनी डोळे उघडले आणि त्यांना वाटलं लोकांना घर सोडायचं दुःख झालं. त्यांनी बाईला खूण केली, तिने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून नदीकाठची माती गाढवांवरून आळीत यायला लागली. एवढी माती दिवाळीलासुद्धा येत नाही. घरोघर चुली. ओट्यावर चूल, गोठ्यात चूल, न्हाणीत चूल. तो गोटू तुम्हाला माहीत आहे, एकटा राहतो, एक खोली आणि एक शेळी. त्याने चार चुली घातल्या आणि निजायला जागा उरली नाही म्हणून पाय चौथ्या चुलीवर ठेवून पडायला लागला. विचारलं, अरे गोटू, चार कशाला, तू तर एकटा? म्हणाला, भाभी, लग्न होईल, लेकरं होतील, ती भांडतील, वेगळी निघतील, तेव्हा सरकार परत थोडंच येणार आहे. मला त्याचं म्हणणं पटलं. चार दिवसांनी प्रोफेसर परत आले आणि आळीत सत्त्याऐंशी चुली निघाल्या. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं. रागावले कुठले, हरखून गेले. धुराच्या व्याख्यानानंतर लोकांनी चुली जवळजवळ तिप्पट केल्या, हा आजवर कुणाला न सापडलेला शोध आहे, यावर मोठ्या सभेत वाचायला निबंध होईल, असं त्यांनी सुनंदाबाईला माझ्यासमोर सांगितलं. आणखी एक वर्ष मागून घेणार आहेत म्हणे.

पण सुनंदाबाई नागपूरची असली तरी वेडी नाही. तिने सांगितलं, खऱ्या चुली कुठल्या ते मी बघणार. चूल आतून काळी पाहिजे, राख पाहिजे, तिचं मीठ वेगळं, पाण्याचा हंडा वेगळा. आणि बायांना विचारणार, वेगळ्या का निघालात? चूल एका दिवसात घालता येते, पण भांडण मुरायला वेळ लागतो, ते मला ओळखू येतं. आम्हीही तोवर मागच्या पडवीत मालूसाठी नवी चूल घातली होती. मीच घातली, माझ्या हाताने, लिंपून, वर हळदीकुंकू लावून. दोन दिवस पालापाचोळा जाळून काळी केली. हंडा दिला, मिठाची बरणी दिली. राहिलं भांडण. ते मालूला शिकवायला बसले.

तूर निवडता निवडता मी म्हटलं, तू म्हण, बाई, तुम्ही माझ्या लेकरांना तूप घालत नाही.
मालू म्हणाली, पण घालता ना.
अगं घालते, पण तू म्हण.
तुळशीपुढे बसून खोटं कसं म्हणू?
मग उठ, इकडे सरक आणि म्हण.
सरकली आणि म्हणाली, बाई, तुम्ही कधी कधी तूप जरा जास्तच घालता.

असं दोन दिवस चाललं. मी स्वतःला लावायच्या शिव्या स्वतःच रचून दिल्या, चांगल्या सात-आठ, कुणालाही अभिमान वाटावा अशा. त्यातली एकही तिला पाठ होईना. मी कपाळाला हात लावला आणि आमच्या ह्यांना सांगितलं, तुमच्या भावाची जागा गेली.

शुक्रवारी सुनंदाबाई आणि प्रोफेसर आले. निम्मी आळी ओट्यावर येऊन बसली, कुणी जात्याला टेकून, कुणी लेकराला पाजत. सुनंदाबाईने मालूला विचारलं, तुम्ही जावेपासून वेगळ्या का निघालात? मालू खाली बघत उभी. मी मागून हळूच म्हटलं, तूप. तिने वर बघितलं, वहिनी, आणि ती बोलायला लागली. त्यात तूप नव्हतं. मी शिकवलेलं एक अक्षर नव्हतं.

म्हणाली, वीस वर्षं मी वैलावर बसले. जाळ आधी ह्यांच्या तव्याखाली, उरला तर माझ्या डाळीखाली. ह्यांना भाकरीला जाळ कमी पडला की ह्या माझ्या बाजूचं लाकूड ओढून घेतात, विचारत नाहीत. मग डाळ शिजली नाही की आळीला ऐकू जाईल असं म्हणतात, मालूची डाळ आणि मालूची अक्कल, दोन्हींना वेळ लागतो. सगळी आळी हसते. माझी लेकरंही हसतात. मी मूर्ख नाही, माझ्याकडे जाळ येत नाही. नवी लग्न होऊन आले तेव्हा ह्या म्हणाल्या होत्या, एक वर्ष वैलावर बस, मग पाळीपाळीने बसू. ते वर्ष अजून चाललंय. आणि त्या दिवशी या साहेबांनी मला आश्रित लिहिलं तेव्हा ह्या हसल्या.

एवढं बोलून तिने पदराने नाक पुसलं. ओट्यावर जात्याला टेकून बसलेली बाई उगाच दाणे गोळा करायला लागली. मी काय सांगू, एखादं नाटक असतं तर मीच पहिली टाळी दिली असती. सुनंदाबाईची चार पानं भरली, वर तिने चष्मा काढून पुसला. प्रोफेसरांनी या वेळी डोळे मिटले नव्हते. म्हणाले, यह तो असली है. आणि कागदावर लिहिलं, अलग परिवार, दो चूल्हे.

ती पाळीपाळीने बसायची गोष्ट मला आठवत नव्हती. आता आठवते.

ते गेल्यावर मी मालूला म्हटलं, कमाल केलीस, एवढं कुठून सुचलं? ती म्हणाली, सुचलं नाही, बाई. आणि पडवीत जाऊन तिने तिची चूल पेटवली, तिच्या नवऱ्याची आणि लेकरांची भाकरी तिथं केली. मी समजले, एक-दोन दिवस शेजाऱ्यांना दाखवायला करते आहे, शहाणी आहे. लोटूभावजी तिकडे जेवले आणि सवयीने इकडे येऊन परत जेवले. शनिवारीही तसंच, भावजी दोन्हीकडे. रविवारी सकाळी मी म्हटलं, पुरे आता, कागद झाला, ये चुलीवर, उगाच दुप्पट लाकूड जळतं. म्हणाली, कागदावर वेगळं लिहिलंय ना, मग मी कागदाप्रमाणे राहते. इथं माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, तुला अख्खी चूलच हवी असेल तर माहेरी जा आणि मिळते का बघ. वहिनी, मी अशी वाक्यं दिवसाला दहा बोलते. वीस वर्षांत कुणी मनावर घेतली नाहीत. गोटूला मी मर म्हटलं होतं, तो अजून जिवंत आहे. हिने ट्रंक काढली, धाकटीला काखेत घेतलं आणि गाडी पकडली.

तुमच्याकडे तिला चूल मिळते का, हे मी विचारत नाही. पाहुणी म्हणून पाटावर बसवून ठेवली असेल, ते तिला आवडणार नाही, तिला हात चालते लागतात. तिचे थोरले दोघे इथं आहेत. दोन वेळा माझ्या हातचं खातात आणि थाळीत बघून म्हणतात, काकू, आईची डाळ वेगळी लागते. मी म्हणते, आईची डाळ शिजायलाही वेगळी लागते. हसत नाहीत आताशा. लोटूभावजी केळीच्या बागेत जातात ते संध्याकाळीच येतात आणि एकदाच जेवतात.

तर झालं ते असं. माझा कुणावर राग नाही. मी तिला बोलावत नाही, ती आपल्या पायाने गेली, आपल्या पायाने येईल नाहीतर नाही येणार, माझं काही अडत नाही. हे पत्र तुम्हाला खरं काय झालं ते कळावं म्हणून लिहिलं, एवढंच. तिला वाचून दाखवू नका, तिला वाचता येत नाही ते बरंच आहे. तुमचा लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायची गरज नाही. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बघा.

तुमची
रंभाबाई

ता. क. अधिकारी सोमवारी सकाळी येणार. तेव्हा मालूला रविवारच्या पॅसेंजरने पाठवा, स्टेशनावर लोटूभावजी येतील. फक्त चुलीपाशी उभं राहायचं आहे, बोलायचं काही नाही, ती आधीच पुष्कळ बोलली आहे. जागा तिच्याच लेकरांना होणार आहे, मला नाही. काम झालं की मंगळवारी परत गेली तरी माझी ना नाही. लिहून देते.

आणखी ता. क. (गुरुवार.) पाकिटाला गोंद लावायचा राहिला म्हणून लिहिते. आज माझ्या थोरलीला चुलीवर भाकरीला बसवलं आणि मी वैलावर डाळ लावली. लेकीने जाळ कमी पडला म्हणून माझ्या बाजूचं लाकूड ओढून घेतलं, विचारलं नाही. डाळ दुपारपर्यंत शिजली नाही. ते मालूला सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर नका सांगू. तुम्ही पत्र ओठ हलवून, पुटपुटत वाचता, तेव्हा तिने एव्हाना सगळं ऐकलंच असणार.

शेवटचं. (शुक्रवार.) काल पाकीट टाकलं नाही ते बरं झालं. आज अधिकारी आला, तीन दिवस आधीच, न सांगता. पुरुष सगळे बागेत. आधी माझ्या चुलीशी आला, नाव विचारलं, मग नवऱ्याचं नाव. ते मी घेणार नाही, म्हटलं देवरामला बोलवा, तो घेईल. देवराम सापडेपर्यंत अर्धा तास गेला. मग म्हणाला, दूसरा चूल्हा? मी म्हटलं, मागच्या आळीने वळून या, ती तिथं आहे. गोटूने त्याला वाटेत स्वतःच्या चार चुली दाखवायला नेलं, देव त्याचं भलं करो. तेवढ्यात मी मालूचं हिरवं लुगडं अंगावर घेतलं, पदर हनुवटीपर्यंत ओढला, पडवीतली चूल पेटवली आणि तिच्यापुढे बसले. नाव विचारलं, म्हटलं मालूबाई. नवऱ्याचं नाव? म्हटलं लोटू. माझ्या दिराचं नाव घ्यायला मला काय. तो कारकुनाला म्हणाला, ही समजदार आहे, मोठीने अर्धा तास खाल्ला. मग सुनंदाबाईची चार पानं काढून त्याने विचारलं, जेठानी से झगड़ा अभी भी है? मी मान हलवली. विचारलं, गलती किसकी? धुराने डोळे झोंबत होते. मी म्हटलं, मोठीची. त्याने ते लिहिलं, वाचून दाखवलं आणि खाली अंगठा मागितला. मला सही येते, पण मालूला येत नाही, म्हणून अंगठा लावला. आता ते सरकारात पक्कं झालं, भोपाळपर्यंत जाईल. दोन्ही जागा मिळाल्या, एकमेकींना लागून.

तेव्हा सोमवारसाठी मालूची आता काही गरज राहिलेली नाही. तरी रविवारी पाठवा.